ठासणीत दारू किती भरायची आणि हात कुठे आवरायचा

देवळालीच्या रेंजवर तोफा सुरू झाल्या की आमच्या नाशिकरोडच्या घरात तावदानं थरथरतात, त्यामुळे लहानपणापासून डोक्यात एकच गणित, जेवढी दारू जास्त तेवढा गोळा लांब. नंतर कळलं की तोफवालेसुद्धा दरवेळी फुल चार्ज लावत नाहीत, अंतर बघून कमीजास्त करतात. पण गणित खरं मोडलं ते माझ्या मामेभावाने. तो पेनसिल्व्हेनियात असतो, तिकडे नाताळनंतर हरणांच्या शिकारीचा एक सीझन फक्त चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या) बंदुकांसाठी असतो (आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर शिकार हा विषयच संपला, ते सोडा).

पठ्ठ्याने ५० कॅलिबरची, म्हणजे अर्धा इंच व्यासाच्या नळीची, तसलीच ठासणीची बंदूक (दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून ठासून भरायची) घेतली आणि ६० ग्रेन दारूपासून सुरुवात करून दरवेळी १० ग्रेन वाढवत गेला. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. आधी वेग मस्त वाढला, मग वेग मोजायच्या मशीनवरचा आकडा दरवेळी थोडा थोडाच हलायला लागला आणि खांदा मात्र निळा पडला, आणि ज्या गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसत होत्या त्या ताटाएवढ्या पसरल्या.

असं का होतं? काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा, गंधक, साधारण ७५, १५, १० या प्रमाणात. ती जळाली की तिच्या वजनातला निम्म्याहून कमी भाग गॅस होतो, बाकी सगळा धूर आणि नळीत बसणारी कीट. या कॅलिबरची शिशाची गोल गोळी असते १७७ ग्रेनच्या आसपास. आता ९० ग्रेन दारू भरली तर गोळीच्या निम्मं वजन दारूचंच झालं की, आणि तो गॅस, तो धूर हे सगळं नळीतून पुढे ढकलायचं कोणी, तर त्याच दारूने. म्हणजे बैलगाडीत बैलाचाच चारा एवढा भरायचा की माल बाजूलाच राहिला! आणि हे सगळं नळीच्या तोंडातून बाहेर फेकलं जातं म्हणून धक्का पण वाढतो.

त्यात नळीची लांबी ठरलेली. गोळी बाहेर पडली की मागच्या गॅसचा तिला फारसा उपयोग नाही, तो नुसता भडका आणि आवाज. तिकडच्या ठासणीवाल्यांचा एक अंदाज आहे, नळीच्या पोकळीच्या दर घन इंचाला ११.५ ग्रेन. ५० कॅलिबरची २८ इंची नळी धरली तर ६३ ग्रेनच्या आसपास येतं. त्यापुढे वेग वाढतच नाही असं नाही, पण महागात पडतो. १८ व्या शतकात इंग्लंडमध्ये चार्ल्स हटन या गणितज्ञाने तोफगोळ्यांचे वेग मोजून हेच दाखवलं, की वेग दारूच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे दारू दुप्पट केली तरी वेग जेमतेम १.४ पट. याच कामासाठी त्याला १७७८ मध्ये रॉयल सोसायटीचं कोपली पदक मिळालं.

मग हवा. गोल गोळीला हवा फार अडवते, त्यात ध्वनीच्या वेगाच्या वर तर जास्तच. तोंडाशी मिळवलेला सेकंदाला १०० मीटरचा जादा वेग शंभर मीटरवर पोचेपर्यंत निम्म्याच्याही खाली येतो. आपल्या द्राक्षबागेतल्या ब्लोअरसारखंच, प्रेशर उगाच वाढवलं तर थेंब बारीक होतात आणि औषध शेजारच्याच्या बागेत उडून जातं, घडावर नाही.

मला सगळ्यात आवडली ती चिंधीची गोष्ट. गोळीभोवती तेलकट कापडाचा तुकडा गुंडाळून ठासतात, नळीतल्या आट्यांना, म्हणजे आतल्या पिळदार खाचांना, तीच धरते आणि गोळीला फिरवते. उडवल्यावर ती काही पावलांवर पडते. भावाने शोधून कॅमेऱ्यासमोर धरली, कमी दारूची चिंधी कडेला काळी पण शाबूत, आणि जास्त दारूची जळून चिरफाळलेली, मग गोळ्या पसरणारच. म्हणजे मशीन नसलं तरी जमिनीकडे बघितलं की कळतं.

अर्थात बंदुकीच्या कंपनीने दिलेली मर्यादा ही वेगळी गोष्ट, ती ओलांडायचीच नाही. आणि आजच्या काडतुसातली बिनधुराची दारू साध्या ठासणीत चुकून पण नाही, त्याने नळी फुटते.

भाऊ शेवटी ७० ग्रेनवर थांबला. हरीण त्या वर्षी मिळालं नाही, बर्फात बंदुकीच्या कानातली, म्हणजे चकमकीची ठिणगी पडते तिथली, दारू ओली झाली आणि बार उडालाच नाही.