टाकीवर सेन्सर बसवताय? आधी भोक कुठे पाडायचं ते ठरवा

गोव्यात वेर्णा, कुंडईच्या इंडस्ट्रियल एस्टेटमध्ये शेडच्या मागे उभ्या टाक्या दिसतात, कुठे डिझेल, कुठे सॉल्व्हंट, कुठे ॲसिड. आत किती माल आहे बघायला माणूस वर चढून डिप रॉड (खुणा केलेली मोजायची दांडी) सोडायचा, आणि आपल्याकडच्या पावसात ती शिडी म्हणजे विचारूच नका. आता बऱ्याच ठिकाणी टाकीच्या डोक्यावर सेन्सर बसवतात, तो मालाला न शिवता लेव्हल सांगतो.

स्वस्तातला म्हणजे अल्ट्रासॉनिक. तो आवाज खाली सोडतो आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. पण आवाजाचा वेग 20 अंशाला सेकंदाला 343 मीटर, पुढे दर अंशाला साधारण 0.6 मीटर वाढतो, म्हणून सेन्सरमध्येच तापमान मोजायची सोय असते. आता मे महिन्यात सेन्सर भर उन्हात तापलाय आणि आतली हवा त्याच्यापेक्षा 10 अंशांनी थंड आहे असं धरा, तर तो वेग जास्त धरतो, अंतर जास्त आणि लेव्हल कमी दाखवतो, 5 मीटरच्या मोकळ्या जागेत 8 सेंटिमीटरचा तरी घोळ. 3 मीटर व्यासाच्या टाकीत हे जवळजवळ 600 लिटर! दुपारी डिझेल गायब, रात्री परत हजर, आणि स्टोअरवाल्यावर उगाच संशय. सेन्सरवर पत्र्याची सावली केली तरी बराच फरक पडतो.

सॉल्व्हंटच्या वाफेतही आवाजाचा वेग बदलतो, तिथे सरळ रडार घ्यावा, महाग पडला तरी, तो आवाजाऐवजी रेडिओलहरी सोडतो. रेडिओलहरींना ऊन-वाफेचं फारसं काही वाटत नाही, फक्त डिझेलवरून जेमतेम 3 टक्के ऊर्जा परत येते, पाण्यावरून कितीतरी जास्त, त्यामुळे फेस किंवा खळबळ असली की सिग्नल हरवू शकतो.

जागेचं म्हणाल तर घुमटाकार झाकणाच्या बरोबर मध्ये नको, तिथे प्रतिध्वनी गोळा होऊन खोटी लेव्हल दिसते, भिंतीला चिकटूनही नको, आणि इनलेटच्या धारेजवळ, शिडीसमोर किंवा ढवळणीच्या पात्यांवर तर मुळीच नको. नोझल, म्हणजे सेन्सर बसवायचा झाकणावरचा पाइपचा तुकडा, आखूड आणि रुंद हवं, आतली वेल्डिंगची कड घासून घ्यायची. सेन्सरच्या अगदी जवळचं त्याला दिसत नाही, अल्ट्रासॉनिकला साधारण 25-30 सेंटिमीटर, म्हणून टाकी तोंडापर्यंत भरायची नाही.

आणि हाय लेव्हलचा स्विच, म्हणजे टाकी भरत आली की इशारा देणारा, सेन्सरपासून वेगळाच ठेवा, त्याची टेस्टही करत राहा. 2005 मध्ये इंग्लंडच्या बन्सफिल्ड डेपोत पेट्रोलच्या टाकीचा गेज (लेव्हल दाखवणारं मीटर) अडकला, वेगळा स्विच होता पण तोही चालला नाही, टाकी उतू गेली आणि डेपो पेटला.