इजेच्या आधी पोचलेलं मॅग्नेशियम

कपाशीवर लाल्या दिसला की शेतकरी मॅग्नेशियम सल्फेट फवारतो. तेच मीठ, इंजेक्शनसाठी शुद्ध केलेलं, प्रत्येक प्रसूतिकक्षात हाताशी असतं. मेंदूतली गाठ काढताना ते शिरेतून दिलं, तर आजूबाजूचा निरोगी मेंदू वाचेल का, हे आता डॉक्टर तपासून पाहत आहेत.

गाठ खोल असली तर तिथवर जाण्यासाठी चांगला मेंदू चपट्या पात्याने बाजूला धरून ठेवावा लागतो. त्या दाबाखाली रक्त कमी पोचतं. कधी एखादी रक्तवाहिनी काही मिनिटं क्लिप लावून बंदही करावी लागते. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम 2 टक्के, पण एकूण ऑक्सिजनपैकी सुमारे 20 टक्के तोच वापरतो, आणि त्याच्याकडे शिल्लक काही नसते.

ऑक्सिजन तुटला की पेशींतले पंप थांबतात आणि ग्लुटामेट बाहेर सांडतं. ग्लुटामेट हा एरवी पेशी-पेशींमधला निरोप्या; त्याचं काम कणाकणाने चालतं. इथे त्याचा लोंढा येतो. शेजारच्या पेशीवरची ‘एनएमडीए’ नावाची दारं सताड उघडतात, कॅल्शियम आत घुसतं आणि पेशीतली विकरं पेशीलाच पोखरू लागतात. अतिउत्तेजनाने येणाऱ्या या मरणाला अमेरिकी संशोधक जॉन ओल्नी यांनी ‘एक्सायटोटॉक्सिसिटी’ हे नाव दिलं.

1984 मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की या दारात मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा बसलेला असतो. पेशी शांत असेपर्यंत बूच टिकतं. तिचा विद्युतदाब ढळला की ते निसटतं. मला हा शोध फार सुंदर वाटतो. निसर्गाने कुलूप आधीच बसवलं होतं. मग बाहेर मॅग्नेशियम वाढवलं तर कुलूप घट्ट होईल, असा विचार होणं साहजिकच होतं. शिवाय मॅग्नेशियमने रक्तवाहिन्याही सैलावतात.

प्रयोगशाळेत प्राण्यांवर आशा दिसली. माणसांत मात्र निराशा झाली. लॉस एंजेलिस परिसरात पक्षाघाताच्या 1700 रुग्णांना 2 तासांच्या आत, थेट रुग्णवाहिकेतच औषध सुरू केलं गेलं. 2015 मध्ये निकाल आला : 90 दिवसांनंतरच्या अपंगत्वात फरक नाही. डोक्याला मार लागलेल्यांवरच्या 2007च्या चाचणीतही फायदा दिसला नाही.

पण 2008ची एक चाचणी वेगळं सांगते. अकाली प्रसूतीच्या उंबरठ्यावरच्या 2241 गर्भवतींची त्यात नोंद होती. ज्यांना मॅग्नेशियम मिळालं, त्यांच्या बाळांत मध्यम ते तीव्र सेरेब्रल पाल्सीचं (मेंदूच्या इजेमुळे हालचालींत येणाऱ्या अपंगत्वाचं) प्रमाण 1.9 टक्के होतं. न मिळालेल्यांत 3.5 टक्के. माझ्या मते इथली महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ. औषध संकटाच्या आधी पोचलं होतं. पक्षाघात सांगून येत नाही. गाठीच्या शस्त्रक्रियेची तारीख मात्र आधीच ठरलेली असते. मेंदूवर दाब कधी पडणार हे सर्जनला ठाऊक असतं. म्हणून हा प्रश्न इथे पुन्हा विचारण्यासारखा आहे.

अडचणी आहेतच. रक्तातलं मॅग्नेशियम मेंदूत सहजी शिरत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत त्याला अडवते. गाठीजवळ ही भिंत झिरपते, पण वाचवायचा असतो तो पलीकडचा, धडधाकट भाग. पेशींची हानी रक्तातल्या एस-100बी या प्रथिनावरून अंदाजता येते, पण आकडा उतरला म्हणजे रुग्णाचं बोलणं, चालणं टिकलं असं होत नाही. मोठ्या चाचण्यांनी तेच मोजायला हवं. तोवर हे रोजचं औषध मानू नये, आणि शस्त्रक्रियेच्या धास्तीने घरी मॅग्नेशियमच्या गोळ्या तर मुळीच सुरू करू नयेत.

मात्रेचाही प्रश्न आहे. प्रसूतिकक्षात पुढचा डोस देण्याआधी परिचारिका गुडघ्यावर हलकेच ठोकून पाहते. पाय उडाला नाही तर औषध थांबतं. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट तयार असतं. भुलीखालच्या रुग्णात ही खूण भरवशाची राहत नाही, कारण स्नायू सैल करणारी औषधं दिलेली असतात आणि मॅग्नेशियम त्यांचाच असर लांबवतं. तिथे भूलतज्ज्ञ मनगटाजवळच्या नसेला विजेचा बारीक झटका देतो आणि अंगठा किती हलतो ते पाहतो.