पार्श्वभूमी : इतिहासाच्या तासाला प्रश्न कोणी विचारायचे?

इतिहासाच्या तासाला गुरुजींनी विचारायचं आणि मुलांनी सांगायचं, ही रीत जुनी. खरं तर साधनांची, म्हणजे जुन्या पत्रांची-कागदांची, उलटतपासणी मराठीला नवी नाही. इतिहास संशोधक वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. पत्र कोणी, कोणाला, कधी लिहिलं, अस्सल की बनावट, हे तिथले रोजचे प्रश्न. शाळेत मात्र निष्कर्ष तेवढे पोचले, प्रश्न मंडळातच राहिले.

शाळेतला मोठा बदल इंग्लंडमधला. १९७२ मध्ये लीड्सला सुरू झालेल्या स्कूल्स कौन्सिलच्या प्रकल्पाने १३ ते १६ वयाच्या मुलांपुढे पुरावेच ठेवले. डेन्मार्कच्या दलदलीत सापडलेला, गळ्यात फास असलेला प्राचीन मृतदेह, म्हणजे टोलुंड मानव, हा त्यातलाच एक. पण तिथेही बरेचसे प्रश्न मोठ्यांनीच आखलेले होते.

मुलांनी स्वतः प्रश्न घडवण्याची पद्धत भलतीकडून आली. अमेरिकेतल्या लॉरेन्स शहरात मुलांची गळती रोखण्याचं काम चालू असताना पालक म्हणाले, ‘शाळेत येऊन विचारायचं काय, तेच कळत नाही.’ तो धागा धरून डॅन रोथस्टीन आणि लूझ सँटाना यांनी जी पद्धत बांधली, ती २०११ मध्ये पुस्तकरूपाने शिक्षकांपर्यंत गेली.

तिसरी-चौथीच्या वर्गात ती अशी चालते. चारचार मुलांच्या गटाला शिवराईच्या, म्हणजे शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्याच्या, दोन्ही बाजूंचा मोठा छापील फोटो द्यायचा. एकीकडे ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपती’. पाच मिनिटं फक्त प्रश्न. उत्तर नाही, चर्चा नाही, शेरा नाही. मूल बोलेल ते शब्द न बदलता लिहायचे. ‘हे तांब्याचं असेल’ असं कोणी म्हणालं, तर त्याचाही प्रश्न करून घ्यायचा.

आधी येतं ते ‘किती जुनं?’, ‘केवढ्याला मिळेल?’ हे प्रश्न बोथट म्हणून शिक्षक इथेच थांबवतात, आणि चुकतात. मुलं फोटोकडे नीट बघू लागतात ती त्यानंतर. ‘अक्षरं कडेला कापलेली का?’ (ठसा नाण्यापेक्षा मोठा आणि नाणी हाताने पाडलेली, म्हणून.) ‘राजाचा चेहरा का नाही?’ दुसरी चूक म्हणजे ‘वा, छान प्रश्न!’ एकदा का ही शाबासकी दिली, की पुढचे दहा प्रश्न त्याच साच्यातले येतात.

मग ‘हो-नाही’चे प्रश्न वेगळे काढून दोनतीन फिरवून बघायचे. ‘शिवराई तांब्याची आहे का?’ याचं ‘होन हे नाणं सोन्याचं, मग शिवराई तांब्याची का?’ असं झालं, की उत्तरासाठी बाजारात कोण काय विकत घेत होतं तिथवर जावं लागतं. शेवटी गटाने तीन प्रश्न निवडायचे, आणि प्रत्येकापुढे लिहायचं, शोधायचं कुठे : भौतिक, लिखित की मौखिक साधनात. ज्याच्यापुढे काहीच लिहिता येत नाही, तो प्रश्नही खोडायचा नाही.