ओपिऑइड आणि दीर्घकालीन वेदना

अफूच्या बोंडातून मिळणारी मॉर्फीन व कोडीन, आणि त्यांच्यासारखेच काम करणारी ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन, फेंटॅनिल, मेथाडोन अशी औषधे यांना मिळून ओपिऑइड म्हणतात. शस्त्रक्रियेनंतर, मोठ्या अपघातात किंवा कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यात त्यांची गरज सहसा कोणी नाकारत नाही. वाद आहे तो तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या आणि कर्करोगाशी संबंध नसलेल्या वेदनांचा : पाठ, सांधे, मज्जातंतू यांच्या दुखण्याचा. अशा रुग्णाला ही औषधे द्यावीत का, आणि दिली तर व्यसनाच्या भीतीने ती कधी बंद करावीत, हा प्रश्न विशेषतः अमेरिकेत गेली तीन दशके पेटलेला आहे.

अवलंबित्व आणि व्यसन

शरीराचे अवलंबित्व म्हणजेच व्यसन असे धरून चालल्यामुळे या वादात बराच गोंधळ झाला आहे. काही आठवडे रोज ओपिऑइड घेतले की जवळपास कोणाचेही शरीर त्याला सरावते. गोळी एकदम थांबली तर जांभया, नाक-डोळ्यांना पाणी, अंगावर काटा, जुलाब, उडालेली झोप आणि उसळून आलेली मूळ वेदना हे सगळे ओघाने येते. व्यसन निराळे. त्यात नुकसान दिसत असूनही माणूस औषधामागे धावतो आणि घेण्यावरचा ताबा सुटतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार दीर्घकालीन वेदनेसाठी ओपिऑइड घेणाऱ्यांपैकी सुमारे ८ ते १२ टक्के रुग्णांत व्यसन आढळते. औषध म्हणून हा धोका मोठाच आहे. पण प्रत्येक रुग्णाकडे संशयाने बघण्याइतका तो सार्वत्रिकही नाही.

दोन्ही टोके

१९८० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले. रुग्णालयात दाखल असताना ही औषधे मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी फक्त चौघांत व्यसनाची नोंद सापडली, असा त्याचा आशय होता. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांचा त्यात उल्लेखही नव्हता. तरीही ‘वेदना असलेल्याला व्यसन लागत नाही’ याचा पुरावा म्हणून हे पत्र पुढे शेकडो वेळा उद्धृत झाले. १९९६ मध्ये पर्ड्यू फार्मा कंपनीची ऑक्सिकॉन्टिन ही दीर्घ परिणामाची गोळी बाजारात आली आणि तिचा प्रचारही याच आश्वासनावर झाला. व्यसनाच्या धोक्याबद्दल दिशाभूल केल्याचा गुन्हा कंपनीच्या संलग्न संस्थेने २००७ मध्ये कबूल केला. तोवर वेळ गेलेली होती. २०१२ मध्ये अमेरिकेत ओपिऑइडच्या २५ कोटींहून अधिक चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या.

मग लंबक उलटा फिरला. देशाच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, २०१६ मध्ये सामान्य डॉक्टरांसाठी मार्गदर्शिका काढली. दिवसाला ९० मिलिग्रॅम मॉर्फीनइतक्या मात्रेपर्यंत जाणे टाळावे, गेल्यास नीट कारण असावे, असा तिचा सल्ला होता. ऑक्सिकोडोन मॉर्फीनच्या दीडपट धरतात, म्हणजे त्याचे ६० मिलिग्रॅम झाले की ही रेघ गाठली जाते. सल्ला ऐच्छिक होता. पण राज्यांचे कायदे, विमा कंपन्या आणि औषधदुकानांच्या साखळ्यांनी तो आकडा कायद्यासारखा वापरला. वर्षानुवर्षे स्थिर डोसवर कामधंदा सांभाळणाऱ्यांचेही डोस झपाट्याने कापले गेले. एप्रिल २०१९ मध्ये औषध प्रशासनाला, म्हणजे एफडीएला, इशारा द्यावा लागला की औषध अचानक बंद केल्याने तीव्र विड्रॉवल (औषध थांबल्यावर उसळणारी वर सांगितलेली लक्षणे), अनावर वेदना, मानसिक तणाव आणि आत्महत्या असे प्रकार घडत आहेत. मार्गदर्शिकेच्या लेखकांनीही तिचा चुकीचा वापर होत असल्याचे लिहिले. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत मुख्य शिफारशींतून तो आकडा काढण्यात आला.

या काळात चिठ्ठ्या घटत गेल्या आणि मृत्यू वाढत गेले. २०१० पासून हेरॉइनमुळे, २०१३ नंतर बेकायदा बनवलेल्या फेंटॅनिलमुळे. २०२१ मध्ये ओपिऑइडच्या अतिमात्रेने अमेरिकेत ८० हजारांहून अधिक लोक गेले. चिठ्ठ्यांवरचा लगाम या मरणांपर्यंत फारसा पोचला नाही, त्याची झळ मात्र रुग्णांना बसली.

सुरू करणे आणि बंद करणे

नव्या रुग्णाला ओपिऑइड द्यावे का, या प्रश्नावर पुरावा सावधगिरीच्याच बाजूने आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पाठ, गुडघा किंवा खुबा दुखणाऱ्या २४० माजी सैनिकांची वर्षभर पाहणी झाली. ओपिऑइड घेणाऱ्यांची हालचाल साध्या वेदनाशामकांवरच्या रुग्णांपेक्षा सुधारली नाही, दुष्परिणाम तेवढे जास्त झाले. पण यावरून दहा वर्षे औषध घेणाऱ्याचे औषध काढून घ्यावे असा निष्कर्ष निघत नाही. ते वेगळे प्रकरण आहे, आणि धोरणे आखणाऱ्यांनी नेमकी इथेच गफलत केली. वर्षाहून अधिक काळ औषध घेणाऱ्याचा डोस कमी करायचाच असेल तर महिन्याला १० टक्के किंवा त्याहून संथ गतीने करावा, असे २०२२ ची मार्गदर्शिका सांगते.

देखरेखीची साधनेही वाटतात तितकी निर्दोष नाहीत. वेदना-चिकित्सालयात करारावर सही, गोळ्यांची मोजणी, लघवीची तपासणी हा रिवाज झाला आहे. त्यातली नेहमीची जलद चाचणी मॉर्फीन आणि कोडीन ओळखते; ऑक्सिकोडोन तिच्या हातून निसटू शकते, फेंटॅनिल तर सहसा सापडतच नाही. त्यामुळे ऑक्सिकोडोन नियमाने घेणाऱ्याचा अहवाल ‘निगेटिव्ह’ येतो आणि त्याने गोळ्या विकल्या असा संशय घेतला जातो. अधिक अचूक चाचणी करून घेण्याआधीच रुग्णाला काढून टाकणारे दवाखाने आहेत. आणि दुसरा डॉक्टर मिळणे सोपे नसते : मिशिगन राज्यात संशोधकांनी खरी ओळख लपवून १९४ दवाखान्यांना फोन केले, तेव्हा सुमारे ४० टक्क्यांनी ओपिऑइड चालू असलेला नवा रुग्ण घेऊन ती औषधे लिहून देण्यास नकार दिला.

जगाच्या बऱ्याच भागात अडचण नेमकी उलटी आहे. अमली द्रव्यांवरील १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात वेदनाशमनासाठी या औषधांचा वापर अपरिहार्य असल्याचे म्हटले आहे. तरी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाच्या २०१७ च्या अहवालानुसार वर्षाला वाटल्या जाणाऱ्या, मॉर्फीनच्या हिशेबात सुमारे ३०० टन ओपिऑइडपैकी अल्प उत्पन्नाच्या देशांना जेमतेम ०.१ टन मिळते.

वेदना शमवणे आणि व्यसनाचा धोका आवरणे या दोन्ही गरजा काही अंशी भागवणारे औषध म्हणून अलीकडे ब्युप्रेनॉर्फिनकडे पाहिले जाते. ते वेदना कमी करते, व्यसनावरच्या उपचारातही वापरतात, आणि ठरावीक मात्रेनंतर श्वास मंदावण्याचा त्याचा परिणाम वाढत जात नाही. झोपेच्या गोळ्या किंवा दारू सोबत असेल तर मात्र धोका उरतोच. अमेरिकेच्या माजी सैनिक व संरक्षण विभागांच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेने रोज ओपिऑइड लागणाऱ्या वेदनाग्रस्तांसाठी इतर औषधांऐवजी ते सुचवले आहे.