एका रात्रीत वीस मिलिग्रॅम

डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा दहाच्या खाली उतरला की पक्षी पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. झेब्रा फिंच या चिमुकल्या, दाणे खाणाऱ्या पाळीव पक्ष्याची मादी पिंजऱ्याच्या तळाशी बसलेली, पिसं फुलवून बॉल झालेला, डोळे अर्धे मिटलेले. वर टांगलेल्या मडक्यात एखादं पिल्लू चिरचिरतंय. खाली सल्ल्यांची रांग. सर्दी झालीय, ब्रँडीचा एक थेंब द्या. कोमट दुधात ब्रेड कुस्करून द्या. पोटाला एरंडेल चोळा. पिल्लाला मात्र हात लावू नका, माणसाचा वास लागला की आई टाकते. एखादा मधेच म्हणतो, दृष्ट काढा. या सगळ्यांत तो सर्वात निरुपद्रवी सल्ला, कारण त्यात पक्ष्याच्या तोंडात काही जात नाही.

फुगून बसलेला पक्षी म्हणजे सर्दी झालेला पक्षी, हे समीकरण चूक आहे. पिसं फुलवणं हा रोग नाही, काटकसर आहे. पिसांमध्ये हवा अडकवून पक्षी उष्णता वाचवत असतो. मागचं कारण काहीही असू शकतं: आतड्यातले कॉक्सिडिया हे एकपेशीय परजीवी, श्वासनलिकेतले माइट्स म्हणजे बारीक परजीवी जीव (श्वास घेताना बारीक टिकटिक ऐकू येते), साधी उपासमार. पण मादी विणीतली असेल, तळाशी पाय फाकवून बसली असेल, शेपटी प्रत्येक श्वासाबरोबर वरखाली होत असेल, मध्येच जोर लावत असेल आणि विष्ठा पडायची थांबली असेल, तर पहिला संशय एकच घ्यायचा. अंडं अडकलंय.

मडक्यात पिल्लू असताना अंडं कुठून आलं, असं वाटेल. झेब्रा फिंचच्या बाबतीत यात नवल नाही. पिल्लू साधारण अठरा ते एकवीस दिवसांत घरट्याबाहेर पडतं, पण स्वतः दाणे सोलून खायला त्याला आणखी दोन आठवडे लागतात. तेवढा धीर आईबापांना नसतो. पिल्लू अजून तोंड वासून मागत असतानाच मादी पुढची अंडी घालू लागते. आणि इथे मला आवडणारा हिशोब सुरू होतो.

झेब्रा फिंचची मादी साधारण १२ ग्रॅमची. तिचं अंडं एक ग्रॅमचं. त्यातला विसावा भाग टरफल धरला तर ५० मिलिग्रॅम. टरफल म्हणजे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट, आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या वजनात ४० टक्के कॅल्शियम. म्हणजे एका अंड्याला २० मिलिग्रॅम कॅल्शियम. ऐकायला क्षुल्लक आहे. पण तिच्या अंगातलं सगळं रक्त मिळून एक-सव्वा मिलिलिटर, आणि अंडी घालण्याच्या काळात त्यातलं कॅल्शियम वाढलेलं असतं हे धरूनही ते भरतं पाव मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे रक्तात एका वेळी जेवढं कॅल्शियम असतं त्याच्या ऐंशीपट कॅल्शियम त्या रक्तातूनच टरफलापर्यंत पोहोचवायचं. तेही मुख्यतः एका रात्रीत, कारण ही मादी रोज सकाळी एक याप्रमाणे चार-सहा अंडी घालते आणि टरफल चढण्याचं काम बरंचसं रात्री चालतं.

आता जमेची बाजू पाहा. दुकानातून आणलेले राळे, म्हणजे दुकानदार ज्याला कांगणी म्हणतो ते, शंभर ग्रॅममध्ये जेमतेम ३० मिलिग्रॅम कॅल्शियम देतात. मादी दिवसाला तीनेक ग्रॅम दाणे खाते. मिळकत एक मिलिग्रॅम, खर्च वीस. नाचणी घातली तर आकडा दहापर्यंत जातो, कारण नाचणीत शंभर ग्रॅमला ३५० च्या आसपास कॅल्शियम असतं. पण धान्यातलं फायटिक आम्ल त्यातलं बरंच बांधून ठेवतं. नुसत्या दाण्यांवर ठेवलेली फिंच एकही अंडं स्वतःच्या मिळकतीतून घालू शकत नाही.

मग कोंबडी काय करते? तिच्या एका टरफलात दोन ग्रॅम कॅल्शियम असतं आणि ते चढवताना तिच्या रक्तातून तासाला १०० ते १५० मिलिग्रॅम कॅल्शियम निघून जातं. तिने यासाठी हाडांत सोय केलेली असते. अंडी घालण्याआधी इस्ट्रोजेन या मादीच्या संप्रेरकाच्या प्रभावाखाली लांब हाडांच्या पोकळीत जाळीदार, तात्पुरतं हाड तयार होतं. त्याला मज्जास्थी म्हणू. दिवसा त्यात कॅल्शियम भरायचं, रात्री पोट रिकामं असताना उपसायचं. १९३४ साली कबुतराच्या मादीत याचं पहिलं नीट वर्णन झालं, आणि २००५ मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ मेरी श्वाइट्झर यांना असंच हाड चक्क टिरॅनोसॉरसच्या मांडीच्या हाडात सापडलं. सुमारे ६ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा तो प्राणी मादी होता आणि विणीच्या काळात मेला होता, हे आपल्याला या हाडामुळे कळतं! (जाता जाता लिहिलं. डायनोसॉर आला की मला राहवत नाही.)

फिंचसारख्या चिमुकल्या पक्ष्यांत मात्र ही साठवण फार तुटपुंजी. कोंबडीची बँकेत ठेव आहे, फिंचचं हातावर पोट आहे. ज्या दिवशी अंडं घडवायचं त्याच दिवशी कॅल्शियम शोधून खायचं. म्हणून रानातल्या लहान पक्ष्यांच्या माद्या विणीच्या दिवसांत गोगलगायींच्या शंखांचे तुकडे वेचताना दिसतात, आणि तेही बऱ्याचदा संध्याकाळी, रात्रीच्या कामासाठी पोटात साठा असावा म्हणून. नेदरलँड्समध्ये १९९०च्या सुमारास याची उलटी बाजू दिसली. आम्लवर्षेने जंगलातल्या मातीतलं कॅल्शियम धुऊन गेलं, गोगलगायी घटल्या आणि तिथल्या ग्रेट टिट या पक्ष्याची अंडी पातळ, सच्छिद्र टरफलांची निघू लागली. काही माद्या तर रिकाम्या घरट्यावर उबवत बसल्या. संशोधक याप ग्रॅव्हलँड आणि सहकाऱ्यांनी तिथे शंखांचे आणि कोंबडीच्या टरफलांचे तुकडे ठेवले, आणि अंडी सुधारली.

कॅल्शियम ही टरफलाची अर्धीच गोष्ट. उरलेला अर्धा भाग कार्बोनेट, आणि तो येतो कार्बन डायऑक्साइडमधून. टरफलग्रंथीच्या पेशींत कार्बोनिक अनहायड्रेज नावाचं विकर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी जोडून बायकार्बोनेट करतं. त्यातून पुढे कार्बोनेट. या प्रवासात प्रत्येक कार्बोनेटमागे दोन हायड्रोजन आयन सुटतात. ते रक्तात जातात, रक्त आम्लाकडे झुकतं आणि ते सावरायला मूत्रपिंडं कामाला लागतात. आता एप्रिलमधलं ४० अंशांचं पुणं घ्या. पक्ष्याला घाम येत नाही, तो चोच उघडून धापा टाकतो. धापांबरोबर कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकला जातो, रक्तातलं बायकार्बोनेट घसरतं आणि भरपूर कॅल्शियम असूनही टरफल पातळ होतं. पोल्ट्रीवाल्यांना हा उन्हाळी तोटा चांगला माहीत आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेत उष्म्यात ठेवलेल्या कोंबड्यांना सोडावॉटर पाजून टरफलं सुधारतात का, हे करून पाहिलं गेलं. सुधारली. फिंचला कृपया सोडा पाजू नका.

थंडीत अंडं अडकतं ते मात्र निराळ्या वाटेने. स्नायू आकुंचन पावायला कॅल्शियम आयन पेशीत शिरावे लागतात. तिथे ते कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला चिकटतात, ते एका विकराला जागं करतं, ते विकर मायोसिन या स्नायूतल्या प्रथिनावर फॉस्फेट चढवतं आणि मग कुठे अंडनलिकेची भिंत आवळते. हा आवळण्याचा हुकूम देणारं संप्रेरक म्हणजे व्हॅसोटोसिन, आपल्या ऑक्सिटोसिनच्या, म्हणजे बाळंतपणात कळा आणणाऱ्या संप्रेरकाच्या, कुळातलं. हुकूम पोहोचला पण कॅल्शियमच नसेल तर भिंत ढिलीच राहते. म्हणजे कॅल्शियम संपलं की दोन संकटं एकदम येतात: टरफल मऊ, खडबडीत, पकड न देणारं, आणि ते ढकलणारा स्नायू दुबळा. त्यात अंगातली उष्णता टिकवायची ओढाताण. तेल चोळून यातलं काहीच सुटत नाही. पोट दाबणं तर अघोरीच. अंडं आत फुटलं तर बलक पोटात सांडतो, धारदार तुकडे नलिका फाडतात आणि मग सहसा कुणाच्या हातात काही उरत नाही.

आधी ऊब द्यायची. साधं गणित: फिंचचं अंग ४१ अंश, खोली १०, फरक ३१. खोक्यात ३० अंश ठेवले तर फरक ११. उष्णता जाण्याचा वेग ढोबळमानाने या फरकावर ठरतो, म्हणजे तो एक तृतीयांशावर येतो आणि वाचलेली शक्ती स्नायूंना मिळते. मादीला लहान पिंजऱ्यात किंवा भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा, निम्मा भाग उबदार आणि निम्मा मोकळा, म्हणजे तिला हवं तिथे सरकता येईल. जुना पिवळा बल्ब असेल तर बाहेरून लावा. एलईडीचा उपयोग नाही, त्याची खासियतच गरम न होणं ही. नाहीतर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून. थर्मामीटर हवाच. ती चोच उघडून पंख अंगापासून दूर धरू लागली तर जास्त झालं. जवळ पाण्याची वाटी ठेवा, हवा दमट राहते. आणि हे खोकं स्वयंपाकघरात नको: नॉनस्टिक तवा रिकामा तापला की त्याच्या लेपातून निघणारा वायू पक्ष्यांची फुप्फुसं मिनिटांत निकामी करतो.

तेवढ्यात पक्ष्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याला फोन. तो कॅल्शियमचं इंजेक्शन देऊ शकतो, अंडं कुठे आहे ते पाहू शकतो. बारा ग्रॅमच्या जिवाला मात्रा घरी मोजता येत नाही, म्हणून मेडिकलमधून आणलेलं सिरप अंदाजाने चोचीत सोडू नका. श्वासनलिकेत गेलं तर संपलंच. नेताना पिंजरा दुचाकीवर वाऱ्यात धरून न्यायचा नाही, झाकलेल्या छोट्या खोक्यातून न्या. ‘इम्युनिटी वाढवणारे’ थेंब विकणाऱ्यांना विचारा की बाटलीत कॅल्शियम किती आणि ड-३ जीवनसत्त्व किती. उत्तर मिळालं तर मलाही कळवा.

ड-३ चं नाव आलंच आहे तर सांगतो. आतड्यातून कॅल्शियम शोषायला ते लागतं आणि ते त्वचेवर ऊन पडून बनतं. पक्ष्याच्या अंगावर पिसं; कोंबड्यांवरच्या अभ्यासात पिसं नसलेल्या पायांच्या त्वचेत याचा कच्चा माल पाठीच्या त्वचेपेक्षा कितीतरी जास्त आढळला. पण गॅलरीला सरकत्या काचा लावून तिथे ठेवलेल्या पिंजऱ्यात ऊन दिसतं, अतिनील-बी किरण येत नाहीत. काच ते अडवते. सकाळी अर्धा तास काच सरकवायची, सावलीचा कोपरा राखून आणि मांजर-घारीवर लक्ष ठेवून.

आता पिल्लू. त्याचा बाप आहे, हे लोक विसरतात. झेब्रा फिंचमध्ये नरही उबवतो आणि भरवतो. पिल्लाला पिसं आली असतील, म्हणजे साधारण दहा-बारा दिवसांचं असेल, तर ते बापाजवळच राहू द्या आणि फक्त आईला हलवा, शक्यतो आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावर, नाहीतर नर दिवसभर हाका मारत बसतो. त्याहून लहान, उघडं पिल्लू स्वतःचं तापमान राखू शकत नाही. जन्मतः ते पाऊण ग्रॅमचं असतं, आणि दोन आठवड्यांत त्याच्या दहापटीच्या पुढे जातं. या काळात एक थंड रात्र पुरते. बाप रात्री मडक्यात बसतोय का, हे दिवे मालवण्याआधी बघा. बसत नसेल तर मडक्याजवळही ऊब लागेल.

बाप भरवतोय की नाही हे कळायला पिल्लू उचलून बघायचं. मानेच्या उजव्या बाजूला, पातळ कातडीखाली, अन्नाची पिशवी असते. भरलेली असेल तर आतले दाणे चक्क मोजता येतात. हो, हात लावून चालतं. पक्ष्यांना वास येत नाही असं मात्र नाही. जर्मनीतल्या बीलेफेल्ड विद्यापीठात दिसलंय की झेब्रा फिंचची पिल्लं आपल्या घरट्याचा वास ओळखतात. पण जगभरच्या प्रयोगशाळांत याच जातीची पिल्लं रोज उचलून वजन करून परत ठेवली जातात आणि आईबाप पुन्हा भरवू लागतात.

पिशवी दिवसा रिकामी राहत असेल तरच हाताने भरवायचं, पक्ष्यांच्या पिल्लांसाठी मिळणारं खाद्य पातळ कालवून, ३९-४० अंशांवर. थंड असेल तर ते पिशवीत आंबतं. ४३ च्या पुढे गेलं तर पिशवी भाजते. दूध अजिबात नको. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज हे विकर पक्ष्यांत नसतं, म्हणून दूध-ब्रेडने जुलाब होतात, आणि पाऊण-एक ग्रॅमच्या जिवाला ते परवडत नाहीत.

मादी सावरली तरी तिची वीण तिथेच थांबवा. उकडलेलं अंडं थोडं द्या, टरफलं भाजून कुटून ठेवा, आणि पिंजऱ्यात समुद्रफेस अडकवा. तो काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. कटलफिश या समुद्री प्राण्याचं ते आतलं कवच, बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट. मादी संध्याकाळी त्याच्याकडे वळताना दिसेल. खरा प्रश्न मात्र पुढच्या अंड्यांचा. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागात हा पक्षी पाऊस पडून गवताला दाणे धरले की विणतो आणि दुष्काळात थांबतो. आपल्या पिंजऱ्यात बारमाही दाणे, बारमाही पाणी. त्याच्या शरीराच्या लेखी पावसाळा कधी संपतच नाही. म्हणून पिल्लू पाचेक आठवड्यांचं होऊन स्वतः खाऊ लागेपर्यंत बापाजवळ ठेवा आणि मादीला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवा. नुसतं मडकं काढून भागत नाही, मग ती दाण्यांच्या वाटीत अंडं घालते.