लॅमिनेटेड आणि टेम्पर्ड: सुरक्षित काचेच्या दोन जाती

‘सेफ्टी ग्लास’ हे एकच नाव आपण दोन अगदी वेगळ्या काचांना देतो. मोटारीची पुढची काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये पातळ थर चिकटवलेली असते, तर बाजूच्या खिडक्यांच्या काचा बहुधा टेम्पर्ड, म्हणजे तापवून झटकन थंड केलेल्या असतात. अपघातात पुढच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात, पण ती चौकट सोडत नाही. बाजूच्या काचेचा मात्र रस्त्यावर बारीक, बोथट तुकड्यांचा सडा पडतो.

लॅमिनेटेड काचेचा उगम १९०३ सालच्या एका अपघातात सांगितला जातो. फ्रेंच चित्रकार व रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेदिक्तुस यांच्या प्रयोगशाळेत काचेचा एक चंबू खाली पडला, त्याला तडे गेले, पण तुकडे विखुरले नाहीत, कारण आतले सेल्युलोज नायट्रेटचे द्रावण वाळून काचेला पातळ पापुद्रा धरला होता. पुढे दोन काचांमध्ये सेल्युलॉइड या प्लास्टिकचा थर बसवून त्यांनी १९०९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांच्या डोळ्यांना हीच काच लावली गेली.

टेम्पर्ड काचेचे मूळ याहून जुने आणि, माझ्या मते, अधिक नवलाचे आहे. वितळलेल्या काचेचा थेंब थंड पाण्यात सोडला, की बेडकाच्या पिलासारखा शेपटीवाला खडा तयार होतो. त्याच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो टिकतो, पण शेपटी मोडताच सगळ्याचा भुगा होतो. प्रिन्स रूपर्ट यांनी इंग्लंडमध्ये आणलेले हे थेंब १६६१ मध्ये रॉयल सोसायटी या तिथल्या विज्ञानसंस्थेपुढे तपासायला आले. तेव्हा ते निव्वळ दरबारी गंमत होते. त्यामागचे कारण असे, की पृष्ठभाग आधी गोठतो आणि आतला भाग नंतर थंड होताना आकसून त्याला आत ओढतो. त्यामुळे पृष्ठभाग कायम दाबाखाली राहतो व तिथे सहजासहजी तडा जात नाही, मात्र एकदा तडा आतल्या ताणापर्यंत पोहोचला, की साठलेली सगळी ऊर्जा एकदम मोकळी होते. फ्रान्समधील फ्रांस्वा द ला बास्ती यांनी १८७४ मध्ये तापवलेली काच तेलात बुडवून हा गुण सपाट तावदानात आणला. आज तेलाऐवजी हवेचे झोत वापरतात. आत साठलेल्या या ताणामुळेच टेम्पर्ड काच तयार झाल्यावर कापता येत नाही. मापाला कापण्याचे काम भट्टीआधीच उरकावे लागते.

हा फरक अडचणीच्या वेळी कामी येतो. मोटारीतून बाहेर पडण्यासाठीची टोकदार हातोडी टेम्पर्ड खिडकीवर चालते, लॅमिनेटेड काचेवर नाही. आणि काही नव्या मोटारींत बाजूच्या खिडक्याही लॅमिनेटेड असतात, तेव्हा काचेच्या कोपऱ्यातला छापील शिक्का आधीच वाचून ठेवावा.