स्वस्तातला कंडेन्सर माईक 'स' म्हटलं की का टोचतो

मे महिन्यात चिपळूणला आत्याकडे गेलो होतो तेव्हा तिच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून आणल्या. माईक ऑनलाइन घेतलेला, पाचेक हजारांचा, आत सोनेरी पडदा असलेला. घरी येऊन हेडफोन लावले तर आवाज आत्याचाच, पण प्रत्येक स, श आणि 'चमचा'मधला च कानात सुई टोचल्यासारखा. आणि ओव्या म्हटल्यावर सासू, सासर, सोसणं हे शब्द पावलोपावली येणारच. सत्तरीतल्या बाईचा मऊ आवाज आहे तो, त्यात ही धार आली कुठून?

स्वस्त माईक म्हणजे आतला माल हलका, असं आपण धरून चालतो. पण मी माईक उघडला, वाचलं, थोडं सोल्डर मारलं, आणि आता माझं ठाम मत आहे की यातल्या बऱ्याच माईकमध्ये माल ठीकठाक असतो, चुकलेली असते ती जोडी, म्हणजे पडदा एका घराण्याचा आणि सर्किट दुसऱ्याचं.

आधी आत काय चालतं ते बघू. कंडेन्सर माईकची कॅप्सूल, म्हणजे आवाज पकडणारा भाग, हा साधा कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारी जोडी. एक धातूची जाड चकती, आणि तिच्यासमोर केसाच्या जाडीइतक्याही नसलेल्या फटीत ताणून बसवलेला मायलारचा (एक प्लॅस्टिकच) पडदा, त्यावर सोन्याचा मुलामा. पडद्याची जाडी साधारण ६ मायक्रॉन, आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो त्यावरून अंदाज घ्या. या दोघांमध्ये ४०-६० व्होल्ट देऊन विजेचा भार साठवून ठेवतात. आवाजाने पडदा हलला की फट कमीजास्त होते, कपॅसिटन्स म्हणजे भार साठवायची क्षमता बदलते, भार मात्र तेवढाच राहतो त्यामुळे व्होल्टेज हलतं, आणि हे हलणारं व्होल्टेज म्हणजेच आपला सिग्नल.

आता भार तेवढाच राहायला हवा तर तो कुठे गळून चालणार नाही, म्हणून कॅप्सूलला वीज पोचते ती १ गिगाओहमच्या म्हणजे शंभर कोटी ओहमच्या रेझिस्टरमधून. मी पहिल्यांदा कॅप्सूलवर मल्टिमीटर लावला तर अर्धा व्होल्टसुद्धा दिसेना, वाटलं माईक मेला. मग डोक्यात आलं की मीटरचा स्वतःचाच रेझिस्टन्स १० मेगाओहम, गिगाओहमचा शंभरावा हिस्सा, म्हणजे मीटर लावला की जवळजवळ सगळं व्होल्टेज त्या गिगाओहमवरच पडतं आणि मीटरच्या वाट्याला जेमतेम शंभरावा हिस्सा येतो. माईक ठणठणीत होता. म्हणून सांगतो, या भागात मीटरवर विश्वास ठेवू नका. आणि बोटही लावू नका, कारण बोटाच्या तेलकट डागातूनसुद्धा भार गळतो आणि मग माईक खरखरायला लागतो.

या गिगाओहमची एक गंमत मला फार आवडते. रेझिस्टर मोठा तर त्याची खरखर जास्त हा नियम आहे, पण इथे उलटं होतं, कारण कॅप्सूल स्वतः कपॅसिटर असल्याने ती ही खरखर गाळते, आणि रेझिस्टर जितका मोठा तितकी ती खरखर खाली, आपल्याला ऐकू न येणाऱ्या सुरांकडे सरकते. म्हणजे इथे मोठा रेझिस्टर घातला तर माईक शांत होतो.

तर मूळ प्रश्न, धार कुठून आली. बर्लिनच्या न्यूमन कंपनीने १९६० मध्ये यू ६७ नावाचा माईक काढला, त्यात के ६७ ही कॅप्सूल होती, पुढे १९६७ च्या यू ८७ मध्येही तीच जात आली. ही कॅप्सूल वरच्या सुरांना मुद्दाम उचलते, १० किलोहर्ट्झच्या आसपास चांगलाच चढ असतो. पण न्यूमनने तो चढ तसाच सोडला नव्हता, मागच्या सर्किटमध्ये फीडबॅक देऊन, म्हणजे बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलटा परत आत सोडून, वरचे सूर पुन्हा खाली आणले होते. पडदा चढवणार, सर्किट उतरवणार, दोन्ही मिळून आवाज सरळ. सर्किट वरचे सूर दाबतं तेव्हा त्याची स्वतःची सूं सूं पण दाबली जाते हा वर फायदा.

पुढे चीनमध्ये या के ६७ सारख्या कॅप्सूल ढिगाने बनायला लागल्या आणि मागे साधं, ट्रान्सफॉर्मर नसलेलं सर्किट लागलं, ते उत्तम आहे, पण सरळ आहे, वरचे सूर उतरवत नाही. म्हणजे नक्कल अर्धीच झाली, चढवणारा आला आणि उतरवणारा राहिला. आपल्या स ची आणि काही प्रमाणात श चीही ताकद साधारण ५ ते १० किलोहर्ट्झमध्ये असते, म्हणजे नेमकी त्या चढावर. आत्याचं सासर तिथेच टोचत होतं.

उपाय दोन आहेत. एकतर सर्किटमध्ये वरचे सूर उतरवायची सोय करायची, किंवा कॅप्सूलच बदलायची. मी दुसरा केला, के ४७ धाटणीची कॅप्सूल मागवली, हिचा वरचा चढ एवढा नसतो त्यामुळे सरळ सर्किटशी तिचं जुळतं. आकार साधारण तोच, पण स्क्रूची भोकं जुळतात का ते आधी बघून घ्या. फँटम, म्हणजे केबलमधूनच माईकला मिळणारी वीज, बंद करून माईक थोडा वेळ तसाच ठेवला, मग जुन्या वायरी काढल्या, नवीन कॅप्सूल कडेने धरून बसवली, सोल्डर मारताना पडद्यावर कागदाची टोपी घातली आणि श्वाससुद्धा बाजूला सोडला, कारण थुंकीचा एक शिंतोडा पडला तर तो पडदा पुसता येत नाही. शेवटी गिगाओहमच्या आसपासची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश मारून धुतली. हे धुणं विसरू नका, अर्धी मोडिफिकेशन्स फसतात ती सोल्डर मारल्यावर मागे राहणाऱ्या चिकट फ्लक्समुळे असं माझं मत आहे.

सिग्नलच्या वाटेतले सिरॅमिक कपॅसिटर काढून फिल्मचे घातले. स्वस्त सिरॅमिकचा कपॅसिटन्स व्होल्टेजप्रमाणे बदलतो आणि टिचकी मारली तर तो स्वतःच थोडासा माईकसारखा वागतो. याने फरक पडला, पण कॅप्सूलच्या फरकापुढे तो किरकोळच. जाळीचे आतले थर काढले की परावर्तन कमी होतं म्हणतात ते खरं, पण मग प आणि फ चे फटके जास्त बसतात, पॉप फिल्टर, म्हणजे तोंडासमोर धरायची जाळी, लागतोच.

हे सगळं करायच्या आधी एक करा. जाळीतून टॉर्च मारून बघा, आत साडेतीन सेंटीमीटरची सोनेरी चकती दिसते का शर्टाच्या बटणाएवढा डबा. बटण दिसलं तर तो इलेक्ट्रेट, त्यात भार पदार्थातच गोठवलेला असतो, आज वापरात असलेल्या जातीचा इलेक्ट्रेट माईक १९६२ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये सेसलर आणि वेस्ट यांनी शोधला, त्याला वरची कॅप्सूल नुसती जोडून चालत नाही कारण तिला लागणारं व्होल्टेजच तिथे नसतं. आणि सोल्डर मारायचं नसेल तर रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या इक्वलायझरमध्ये (सूर कमीजास्त करायची सोय) ८ ते १० किलोहर्ट्झ तीन-चार डेसिबल खाली घ्या, बऱ्याच जणांचं काम तेवढ्यावर होईल आणि त्यात कमीपणा काही नाही.

कोकणात पावसाळ्यात हवाच एवढी ओली की बोट न लावताही भार गळतो आणि माईक फुटाणे फुटल्यासारखा फटफटतो. तेव्हा माईक सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचा. फटफटायला लागलाच तर कोरड्या खोलीत काही तास राहू दिला की बहुतेक वेळा सुधारतो, हेअर ड्रायर वगैरे अजिबात नको.

'सासूच्या साडीवर सशाचं चित्र' हे वाक्य मी आता जुन्या आणि नव्या कॅप्सूलवर पन्नास वेळा म्हणून बघितलंय, नव्यावर स ऐकू येतो आणि टोचत नाही. गणपतीला चिपळूणला जाताना माईक डब्यातून नेतोय. आत्याला आधीच सांगून ठेवलंय की तीन ओव्या परत म्हणायच्यात, त्यातली सासरची सगळ्यात आधी.